पणजीतल्या पाटोची सेंट्रल लायब्ररी, सिलॅबसचं पुस्तक मिळत नसेल तर नक्की जा

मी गोव्यातल्या डिचोलीची, बीए हिस्टरी, थर्ड इयर. मॅडमनी आयएसएसाठी, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेसाठी, एक पुस्तक नेमून दिलं, कॉलेजच्या लायब्ररीत त्याच्या दोनच कॉप्या आणि वर्गात आम्ही ५४ जणं, एकाने नेलं की आठ दिवस बाकीच्यांनी वाट बघायची. मग कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकले, तर मधल्या शिवणीत अर्धे शब्द गेलेले आणि एका पानावर नेमका तळटीपेवरच अंगठा. दुकानात विचारलं तर ८९५ रुपये, तेही मागवून देणार, तोवर परीक्षा होऊन गेली असती. घरून पैसे मागायचं जिवावर आलं खरं सांगायचं तर.

शेवटी बाबा म्हणाले पाटोला जाऊन बघ. कदंबा बसस्टँडवर उतरून चालत गेलं की संस्कृती भवन, तिथेच कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. ही १८३२ साली सुरू झालेली, म्हणजे पोर्तुगीज काळातली, आधी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती, ती निळ्या टाइल्सची भिंत आहे ना तिथे. आता जागा मोठी, उजेड भरपूर आणि गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं वेगळी ठेवलीत हे मला सगळ्यात आवडलं, कारण एक शोधायला गेलं की शेजारची दोन हाताला लागतात.

काउंटरवरच्या काकांना नाव सांगितलं, त्यांनी कपाटापर्यंत येऊन दाखवलं. पुस्तक उघडलं आणि मागे घडी घातलेला नकाशा निघाला, जुन्या काबीजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला भाग, एका रंगात, नव्या, म्हणजे नंतर जिंकलेला, दुसऱ्या, आणि नव्यात आमची डिचोली. ग्रुपवरच्या फोटोंत तो नव्हताच, घडी कोणी उलगडलीच नसणार! धडा तीनदा वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते तो नकाशा समोर ठेवल्यावर लगेच कळलं, सीमा कुठून कुठे सरकली ते बोटाने बघता आलं.

रेफरन्सची पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून नोट्स काढायच्या, त्यामुळे डिचोली-सत्तरीकडून येणाऱ्यांनी सकाळचीच बस धरा आणि वही मोठी न्या. मला वाटतं कॉलेजांनी दर सेमिस्टरला नेमलेल्या पुस्तकांची यादी इथे पाठवायला हवी, म्हणजे दूरवरून येणारं पोर हात हलवत परत जाणार नाही. मी आमच्या मॅडमना तसं सांगितलंय, नकाशाचं पान कितवं तेही ग्रुपवर टाकलंय.