घरची शुश्रूषा की वृद्धाश्रम?

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातील अनेक घरांत मुले पुण्या-मुंबईला नोकरीस आणि अंथरुणाला खिळलेले आईवडील गावी असल्याने, घरी मदतनीस ठेवावी की वृद्धाश्रम निवडावा, हा प्रश्न टाळता येत नाही. घरी माणसे, देव्हारा आणि भाषा ओळखीची राहते. मात्र रात्री कूस बदलण्याचे, लघवीची पिशवी रिकामी करण्याचे काम बहुधा सुनेवर किंवा तुटपुंज्या पगाराच्या, प्रशिक्षण नसलेल्या बाईवर पडते, आणि तिच्या श्रमांची कोणी दखल घेत नाही, हा मला अन्याय वाटतो. वृद्धाश्रमात पाळीने कर्मचारी मिळू शकतात. पण कुठे दुखते हे फक्त मराठीतच सांगता येणाऱ्या आजीचे ऐकणारे तिथे कोणी आहे का, आणि मुळात तिची संमती घेतली का, हे आधी पाहावे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. तथापि एवढ्या विस्तीर्ण बेळगाव जिल्ह्यात असा एकच आश्रम निपाणी आणि रामदुर्ग या दोघांनाही जवळ कसा पडणार? पर्याय कोणताही निवडा, घर मुलाच्या नावे करताना बक्षीसपत्रात सांभाळाची अट जरूर लिहून घ्यावी, कारण ती मोडल्यास याच कायद्याच्या कलम २३ नुसार हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते.