लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गौरी-गणपतीत आम्ही घरातले रिफाइंड सूर्यफूल तेल बंद करून लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल सुरू केले, त्याला आता नऊ महिने होत आले. घाण्याचे तेल तेवढे पौष्टिक आणि रिफाइंड अगदीच निःसत्त्व, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. त्यातली निम्मीच टिकली.

रिफायनरीत तेलातील चिकट द्रव्ये काढतात, अल्कलीने आम्लता घालवतात, विरंजक मातीने रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वाफेने वास काढतात. यात रंग आणि वास जातो, ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पतिजन्य स्टेरॉलचा काही भागही जातो. मेदाम्लांची (फॅटी ॲसिडची) रचना मात्र फारशी बदलत नाही आणि कॅलरी दोन्हीकडे १०० ग्रॅमला ९००च राहतात. खरा फरक बियांचा आहे. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल जवळपास निम्मे असते, तर नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्लाचे, म्हणजे ओमेगा-६चे, प्राबल्य असते. ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर माझा हिशेब पुरता उलटला, कारण मुळात सूर्यफूल तेलात ते शेंगदाणा तेलाच्या दुपटीहून अधिक असते आणि शुद्धीकरणात थोडे गेले तरी बरेच उरते. शिवाय पिशवीवर ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेली असतात. घाण्यावरच्या सुट्या तेलात ती नसतात. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला मात्र दोन्हीकडे अर्थ नाही, कारण वनस्पती तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल.

‘पारंपरिक’ हा शब्दही तसा फसवाच आहे. माझ्या सासूबाई बार्शीच्या; त्यांच्या लेखी तेल म्हणजे करडईचे, आणि शेंगदाण्याच्या चटणीवर ते कच्चेच घ्यायचे. त्या करडईत लिनोलेइक आम्ल सूर्यफुलापेक्षाही जास्त असते. ओमेगा-३ हवे असेल तर यांपैकी कोणतेच तेल उपयोगाचे नाही. त्यासाठी जवसाची चटणी बरी.

घाण्यावर माझा सर्वात जास्त वेळ गेला तो दाणे पाहण्यात. तिसऱ्या खेपेला आणलेल्या तेलाला ओल्या पोत्यासारखा वास आला, म्हणून मी परत जाऊन पोते उघडायला लावले, तर त्यात सुरकुतलेले, काळपट डाग पडलेले दाणे सहज हाताला लागले. दमट दाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते. अल्कली आणि विरंजक माती यांमुळे रिफाइंड तेलातून ते बव्हंशी निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र ते उतरू शकते आणि गाळून पूर्णपणे जात नाही. ते दोन लिटर तेल मी टाकून दिले. तेव्हापासून दाणे मी स्वतः निवडून नेते. सुमारे अडीच किलो दाण्यांतून एक किलो तेल पडते आणि पेंड घाणेवाला ठेवून घेतो.

वापरातल्या अडचणीही सांगायला हव्यात. बरणीच्या तळाशी गाळ बसतो, त्यामुळे शेवटचे बोटभर तेल मी तळणात घेत नाही. पुऱ्या तळताना या तेलाला फेस येतो आणि रिफाइंडच्या मानाने ते लवकर धुरावते. एप्रिलमध्ये ओट्यावरच्या खिडकीशी ठेवलेली काचेची बरणी तीन आठवड्यांत खवट झाली. आता स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवते आणि एका वेळी दोन किलोच आणते.

तब्येतीत काय फरक पडला, असे सगळे विचारतात. नवऱ्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचे आकडे आधीच्या तपासणीच्या जवळपासच आले, आणि त्याचे मला नवल वाटले नाही. तेलाचा खप मात्र उतरला. दर जवळपास दुप्पट असल्याने हात आपोआप आखडला, आणि फोडणीला दाण्याचा खमंग वास असल्याने भाजीवर तेलाचा तवंग नसला तरी कोणाची तक्रार आली नाही. पूर्वी महिन्याला साडेतीन लिटर लागत असे, आता सव्वादोन पुरते. म्हणजे आम्हा चौघांत माणशी रोज सुमारे साडेनऊ ग्रॅम तेल, अर्थात ८५ कॅलरी, कमी. नऊ महिन्यांत मोजून दाखवता येईल असा फायदा मला एवढाच दिसतो, आणि तो निदान आमच्या घरात घाण्यापेक्षा दरामुळे झालेला आहे.

सध्या रोजची फोडणी आणि भाजी घाण्याच्या तेलात होते, सासूबाईंच्या चटणीसाठी पाव किलो करडईचे वेगळे येते, आणि चकलीच्या घाण्यासाठी रिफाइंडची एक पिशवी आणायची, हे आमच्यात ठरून गेले आहे.