टोकियो ते ओसाका: विमान की शिनकानसेन?

सरळ रेषेत दोन्ही शहरांत जेमतेम ४०० किलोमीटर. शिनकानसेनचा, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचा, रूळ ५१५ किलोमीटरचा, आणि गंमत म्हणजे भाडं आकारतात ते जुन्या रेल्वेमार्गाच्या ५५२.६ किलोमीटरवर. आपल्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटर, त्यावरून अंदाज यावा. विमानाला वेळापत्रकात ६५ ते ७५ मिनिटं, या मार्गावरच्या सर्वांत वेगवान शिनकानसेनला, नोझोमीला, साधारण अडीच तास.

आता दारापासून दारापर्यंत मोजा. टोकियोतल्या शिनागावा स्टेशनहून केइक्यू लाइननं हानेदा विमानतळ पंधरा-वीस मिनिटं. विमान सुटण्याच्या २० मिनिटं आधी सुरक्षा तपासणी उरकून, १० मिनिटं आधी गेटवर हजर राहावं लागतं, म्हणजे पाऊण तास हाताशी हवाच. टर्मिनल १ आणि २ मध्ये गल्लत झाली तर तोही जातो. ओसाकाजवळच्या इतामी विमानतळावर उतरून, बॅग घेऊन, शहराच्या मध्यातल्या उमेदापर्यंत बसनं आणखी अर्धा तास. बेरीज तीन तासांच्या घरात. नोझोमी शिनागावालाच पकडता येते, ती पोचते त्या शिन-ओसाकाहून उमेदातलं ओसाका स्टेशन पुढचंच. माझ्या हिशेबानं रेल्वेच थोडी लवकर पोचवते, पण तेवढ्यासाठी कुणी भांडू नये.

माझा कौल रेल्वेकडे गेला तो ओसाकाला परतायच्या संध्याकाळमुळे. टोकियोतली बैठक लांबली की विमानवाल्याच्या पोटात गोळा येतो. इतामी विमानतळ रात्री ९ ला बंद होतो, त्यामुळे शेवटची विमानं त्या बेतानं लवकर सुटतात. ती हुकली तर उरतो समुद्रातला कानसाई विमानतळ, तिथून ओसाकातलं नाम्बा आणखी पाऊण तास. शिवाय स्वस्तात आधी काढलेलं तिकीट बहुधा बदलता येत नाही. नोझोमी मात्र गर्दीच्या वेळी तासाला दहा-बारा, आणि टोकियोहून शेवटची २१:२४ ला. आरक्षित गाडी सुटली तरी त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत विनाआरक्षित डब्यात बसता येतं. फक्त नवीन वर्ष, गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सुट्टी) आणि ओबोनच्या (ऑगस्टमधला पितरांचा सण) गर्दीत नोझोमी पूर्ण आरक्षित असते. तेव्हा उभ्यानं जायची तयारी ठेवा.

पैशांत विमान जिंकू शकतं. आरक्षित नोझोमी साधारण १४,७०० येन. आठवडे आधी काढलेलं विमानाचं तिकीट यापेक्षा बरंच खाली मिळतं.

सामानाचं म्हणाल तर शिनकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर मागे सामान ठेवायची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. तिचे वेगळे पैसे नाहीत, पण न घेता चढलात तर १,००० येन. मुंबईहून आणलेली चेक-इन बॅग बहुधा १५८ च्या आत असते, त्यामुळे नियमातून सुटते. पण २३ किलो डोक्यावरच्या फळीवर चढवायचे कुणी? अशा दोन बॅगा घेऊन हानेदालाच उतरत असाल, तर पुढचं विमान तिथूनच पकडलेलं बरं.

बाकीच्यांनी ओसाकाकडे जाताना ई, म्हणजे उजवीकडची खिडकीची, सीट मागावी. पाऊण तासानं उजवीकडे फुजी दिसतो, ढग नसतील तर.