खासगी शाळांची मान्यता नूतनीकरण सेवा: अर्ज सोपा, कागद अवघड (★★★☆☆)

बेळगाव भागातल्या खासगी शाळांना कर्नाटक शिक्षण कायदा 1983 खालची मान्यता आता ऑनलाइन अर्जाने नूतनीकरण करता येते. हेलपाटे कमी झाले, याचे दोन गुण. तिसरा छाननीत कागद खरोखर वाचले जातात म्हणून. उरलेले दोन कापले ते मराठीत सूचना नाहीत म्हणून. सीमाभागात ही उणीव क्षम्य नाही.

आधी हद्द पाहा: खानापूरची फाइल बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात, निपाणीची चिक्कोडीत.

फाइल अडते ती नावावर. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या संस्थांची नोंदणी मुंबईच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, मराठीत. जागेचा उतारा कन्नडमध्ये, यूडायसची (देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याची) नोंद इंग्रजीत. 'वडगाव'चं 'वडगावी' झालं, 'मंडळ'चं 'मंडळी' झालं की कागद परत. तिन्ही रूपं शेजारीशेजारी लिहून, ही एकच संस्था आहे असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र अर्जाआधीच करून ठेवा.

दुसरी अडचण इमारत सुरक्षा आणि अग्निशमन दाखल्याची. जुन्या कौलारू शाळांना हा जाच वाटतो, पण 2004 मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून गवताच्या छपराखाली 94 मुलं होरपळून गेली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेच्या अटी सक्तीच्या केल्या. इथे सवलत मागूच नये. बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि अडगळीने बुजलेला जिना, ही दुरुस्ती आधी करा. दाखल्याची मुदत अर्ज चालू असतानाच संपणार नाही, हेही बघा.

मान्यता वर्ग आणि माध्यमानुसार असते. सातवीपर्यंतच्या मान्यतेवर आठवी चालत नाही, मराठी माध्यमाच्या मान्यतेवर इंग्रजी तुकडी चालत नाही. अशा मुलांची सॅट्स (राज्याची विद्यार्थी नोंद प्रणाली) नोंद अडते आणि दहावीच्या अर्जाला धावपळ होते.

अल्पसंख्याक दर्जा म्हणजे मान्यतेतून सूट, हा गैरसमज खूप पसरलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) बाहेर गेल्या, मान्यतेतून नाही. प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणारे मदरसे आणि वेदपाठशाळा मात्र 2012 च्या दुरुस्तीने आरटीईबाहेर आहेत.

पालकांनी 29 ने सुरू होणारा अकरा आकडी यूडायस क्रमांक पाहून थांबू नये. तो विनामान्यता शाळेलाही मिळतो. मान्यतेचा आदेश मागा आणि त्यावरचा वर्ग, माध्यम, मुदत वाचा.