ताबा घेण्याआधीची घरतपासणी: प्लंबिंगचा भाग कितपत पुरतो?

नव्या फ्लॅटची तपासणी करून देणाऱ्या सेवा आता पुण्यात वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत सहज मिळतात. पैसे चौरस फुटावर, भेट दोन-तीन तासांची, शेवटी फोटोंसकट अहवाल. फरश्या, दारं-खिडक्या, वायरिंग यांचं काम त्या वेळेत नीट होतं. प्लंबिंगचं होत नाही, कारण पाणी मुरायला दोन तास पुरत नाहीत.

भिंतीवर फिरवला जाणारा थर्मल कॅमेरा दिसायला भारी असतो, पण त्याला ओल दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. आठवडाभर कोरड्या पडलेल्या बाथरूममध्ये तो काय दाखवणार? आधी पाणी साठवलेलं हवं, गरम पाण्याची लाइन वाहती हवी.

म्हणून पैसे देण्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्या: भेटी दोन. पहिल्या भेटीत नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालचं, वास अडवणारं भांडं) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ओला बोळा घट्ट बसवायचा, उंबऱ्याच्या बोटभर खाली राहील इतकं पाणी भरायचं आणि पातळीवर पेन्सिलची खूण करायची. दुसरी भेट 48 तासांनी. पातळी दोन-चार मिलिमीटर उतरली तर ती वाफ. त्याहून जास्त उतरली तर आधी बोळा पाहा, मग खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत आणि डक्टमधली (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतली) बाजू. संकन स्लॅबमध्ये (बाथरूमखाली मुद्दाम खोल ठेवलेला स्लॅब) मुरलेलं पाणी अनेकदा पाइप स्लॅबमधून जातो तिथेच डोकावतं. खाली फॉल्स सीलिंग असेल तर त्याचं झाकण उघडायलाच हवं. कोबा (फरशीखालचा पाणी अडवणारा थर) आणि वॉटरप्रूफिंग जमलंय की नाही, हे यातूनच कळतं. ड्राय बाल्कनीलाही (धुणं-भांड्यांची बाल्कनी) हीच चाचणी हवी. ती बहुतेक जण सोडून देतात.

बोळा काढल्यावर पाणी कोपऱ्यात तुंबतं का, तेही तिथेच दिसतं. बंद घरात नहाणीचा वास आला तर घाबरू नका. ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. मगभर पाणी ओतून अर्धा तास थांबा. तरीही वास राहिला किंवा फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज आला, तर ट्रॅप किंवा व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा देणारा पाइप) चुकलाय.

सिंकखालचे अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे कॉक) आणि बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपवरची बाटली) हातानं चाचपून भागत नाही. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा. कागदावर ठिपका उमटला की गळती सापडली.

प्रेशर तपासायला शॉवर, बेसिन आणि फ्लश एकाच वेळी चालवून पाहा. 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी शॉवरच्या तीनच मीटर वर असेल तर पंपाशिवाय मोठा शॉवर नीट चालणार नाही.

सोलर असलेल्या इमारतीत एक दोष हमखास सुटतो. गरम-थंड पाण्याचा मिक्सर उघडा ठेवून पुढचा शॉवर किंवा जेट बंद केला आणि मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसला, तर थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि त्या लाइनवरच्या सगळ्या घरांत पाणी कोमट होतं. तपासनिसाला एनआरव्ही कुठे बसवलाय ते दाखवायला सांगा.

रीसेलमध्ये, विशेषतः कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतंय का आणि 20 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, हे मोजलं की अंदाज येतो. पाच-सहा मिनिटं लागत असतील तर लाइन बदलण्याचा खर्च किमतीच्या बोलणीत धरा.

एकाच भेटीत उरकणारी सेवा प्लंबिंगपुरती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन भेटी देणारी जरूर घ्यावी. अहवालात ‘ओल आढळली’ एवढं चालणार नाही. कोणत्या खोलीत, जमिनीपासून किती उंचीवर, पाणी भरल्यावर किती तासांनी, हे तारखेसह हवं. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत असा दोष लेखी कळवला, तर बिल्डरला तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो.