पहिलं सातहजारी शिखर: नुन की कुन?

नुन 7135 मीटर, कुन 7077. ‘अठ्ठावन्न मीटरने कमी, म्हणजे कुन सोपं’ हा हिशेब मोहिमेच्या पहिल्या बैठकीतच मोडीत काढावा. कारगिल जिल्ह्यातल्या सुरू खोऱ्यावर उभी असलेली ही दोन शिखरं एकमेकांपासून जेमतेम चार किलोमीटरवर आहेत. मधे बर्फाचं उंच पठार. चढाई मात्र दोन वेगळ्या जातींची.

कुनवर 1913 मध्येच मारिओ पियाचेन्झाची इटालियन मोहीम पोहोचली. नुनचा माथा 1953 मध्ये क्लोद कोगां आणि लेहमधले मिशनरी पिएर व्हितोझ यांनी पश्चिम धारेने गाठला. आज बहुतेक चमू याच धारेने जातात.

नुनसाठी तांगोल गावातून चढून बेस कॅम्प गाठायचा, वर सहसा तीन कॅम्प. खरी परीक्षा कॅम्प एक ते दोनमधल्या उभ्या बर्फ-खडकाच्या टप्प्यावर. तिथे पाठीवर ओझं घेऊन दोरावर जुमारने (दोराला दातांनी पकडणारी, फक्त वर सरकणारी कडी) चढावं लागतं. दोर बर्फाने माखला की जुमारचे दात घसरतात; दात ब्रशने साफ करायचे आणि जुमारच्या वर सेफ्टी स्लिंगचं (कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या सुरक्षा-पट्टीचं) दुसरं कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अडकवायचं. उतरताना अँकरवर, म्हणजे दोर पक्का बांधलेल्या जागी, दोर बदलतानाच घोळ होतो: आधी नव्या दोरात अडकायचं, मगच जुना सोडायचा. मुंबईजवळ मुंब्र्याच्या कातळावर जाड हातमोजे घालून हे हाताला बसवता येतं.

कुनला शाफत हिमनदीकडून जातात. बर्फाची भिंत इथेही आहेच, पण ती संपली की लांबलचक पठार लागतं. मुंबईत सराव करता येत नाही तो नेमका याचाच. ताज्या बर्फाखाली झाकलेल्या भेगा, दुपारी भुसभुशीत होणारे बर्फाचे पूल, ढग उतरले की हरवणारी दिशा. तिघा-चौघांनी एकाच दोरात, दहा-बारा मीटर अंतर ठेवून, पहाटे निघायचं. जाताना खुणेच्या काठ्या रोवायच्या आणि जीपीएसवर वळणं नोंदवायची. भेगेत पडलेल्याला पुलीने वर ओढणं निदान दोघांना झोपेतही जमलं पाहिजे. ऑक्टोबर 2023 मध्ये इथेच हिमस्खलनात लष्कराच्या गिर्यारोहण तुकडीतले चार जवान गेले, तेही पर्वताचं प्रशिक्षण घेतलेले.

आमचा कौल: दोरावर हात बसलेला, पण हिमनदीचा अनुभव तुटपुंजा असलेल्या चमूने नुन घ्यावं. तिथे मोसमात इतर चमू असण्याची शक्यता जास्त, अडचणीत तो आधार मोठा. मूलभूत आणि प्रगत गिर्यारोहण कोर्स केलेले चार-पाच जण हाताशी असतील, तरच कुन.

प्रवासाचं एक. विमानाने थेट लेहला, म्हणजे समुद्रसपाटीवरून एका झटक्यात 3500 मीटरवर उतरलात तर पहिले दोन दिवस विश्रांतीतच जाऊ द्यावेत. श्रीनगरमार्गे 1600, मग कारगिलला सुमारे 2700 अशी शरीराला सवय हळूहळू होते. वाटेतल्या झोजिला खिंडीतली कोंडी आणि दरडी मात्र धरून चाला. एक दिवस राखीव हवाच. जुलै-ऑगस्टच्या मोहिमेसाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे परवानगीचा अर्ज हिवाळ्यातच करा.