नाळ की किडा? स्टेम सेलमध्ये पीएचडी करायची असेल तर

एम.एस्सी. संपत आली की दरवर्षी एक-दोघं तरी विचारायला येतात: सर, स्टेम सेलमध्येच (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात अशा मूळ पेशींवर) काम करायचंय, लॅब कसली धरू? कोल्हापुरात हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. शिवाजी विद्यापीठातून जीवशास्त्राची पोरं बाहेर पडतात, आणि कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात तर स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिन हाच एम.एस्सी.चा विषय आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या स्कॉलरशिपची परीक्षा, झालं की पुढं पुणे नाहीतर बंगळूर. तिथं गेल्यावर ढोबळमानानं दोन वाटा दिसतात. एक माणसाच्या पेशींची, बहुतेकदा नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) स्टेम पेशींची. दुसरी प्लॅनेरिया हा चपटा किडा, हायड्रा हा पाण्यातला इवलासा जीव, अशा तुकडे केले तरी पुन्हा उगवणाऱ्या जीवांची. मी दोन्हीकडं हात काळे केलेत. आयपीएस, म्हणजे साध्या पेशीला मागं फिरवून बनवलेल्या स्टेम पेशींवर माझा हात बसलेला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही.

मी आधी उलट विचारतो, तुला इकडं आणलं कुणी? आपल्याकडं उत्तर बरेचदा गुडघ्याशी येऊन थांबतं. पेठेच्या टीममधून खेळताना भावाचं लिगामेंट गेलेलं असतं, किंवा तालमीतल्या काकांची कूर्चा झिजलेली असते. नाहीतर घरात आईचा मधुमेह. हे कारण हलकं मुळीच नाही. हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकाच्या भ्रूणावर काम करायचे. तान्ह्या मुलाला टाइप 1 मधुमेह निघाला आणि त्यांनी आपली लॅब इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींकडं वळवली. स्टेम सेलपासून अशा पेशी भरपूर संख्येनं तयार करून दाखवायला 2014 उजाडलं. तेवढा धीर घरच्या दुखण्यातूनच येत असावा.

पण जॉन गर्डन यांच्यापुढं कुठला रुग्ण होता? बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून रिकाम्या अंड्यात घातलं तर काय होतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. 1962 साली त्यांनी दाखवलं की त्यातूनही पिल्लू तयार होऊ शकतं. पुढं हाडांचे डॉक्टर व्हायला निघालेले शिन्या यामानाका संशोधनात शिरले आणि 2006 मध्ये चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या त्वचेतली पेशी मागं, भ्रूणातल्या पेशीसारख्या अवस्थेत फिरवली. 2012 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. तेव्हा कुठली ओढ मोठी, या वादात मी पडत नाही. रोजचं काम कसं असतं, तेवढं सांगतो.

नाळेचं काम प्रसूतिगृहाच्या घड्याळावर चालतं. आईची संमती आधी घेतलेली असते, समितीची मंजुरी असते, आणि फोन रात्री अकराला येतो. नाळ बर्फावरून आणायची, निर्जंतुक हवेच्या हूडखाली धुवायची, रक्तवाहिन्या सोडवायच्या आणि मधला बुळबुळीत गर ब्लेडनं बारीक करून प्लेटमध्ये चिकटवायचा. आठ-दहा दिवसांनी तुकड्याच्या कडेनं लांबट पेशी बाहेर पडायला लागतात. पंचगंगेच्या घाटावर चुरमुरे टाकल्यावर मासे एका बाजूला वळतात, तशा त्या रांगेनं वळलेल्या दिसतात. तो दिवस खरंच छान असतो. रात्रीच्या फोनचीही सवय होते.

मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: प्रत्येक नाळ वेगळी. हाड बनवायच्या माध्यमात तीन आठवडे पेशी ठेवायच्या, मग अ‍ॅलिझरिन रेडनं रंगवायचं. कॅल्शियम साठलं असेल तिथं लाल रंग धरतो. एका आईच्या नाळेची प्लेट कुंकवासारखी लालभडक. दुसरीची, त्याच पॅसेजची (म्हणजे तितक्याच वेळा नव्या प्लेटमध्ये हलवलेली), त्याच बाटलीतल्या माध्यमातली, जेमतेम गुलाबी. आता फरक मी घातलेल्या रसायनामुळं पडला की त्या बाईमुळं, हे सांगायचं कसं? आणखी नाळा घ्यायच्या. म्हणजे पुन्हा संमती, पुन्हा फोन, पुन्हा तीन आठवडे. तोवर आधीच्या पेशी म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबलेल्या असतात. ही काही माझ्या एकट्याची रड नव्हे. बंगळूरच्या कंपनीचं स्टेमप्युसेल हे उत्पादन 2016 मध्ये बर्जर आजारासाठी (यात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात) मर्यादित मंजुरी मिळवून गेलं, ते अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी एकत्र करूनच बनवतात. उत्पादनासाठी तो तोडगा उत्तम. पण मला एका पेशीचं मन कळून घ्यायचं होतं, त्याला तो चालत नव्हता.

प्लॅनेरियाकडं वळलो आणि ही कटकट मिटली. प्रयोगशाळांत सर्रास वापरतात तो वंश बार्सिलोनाच्या एका कारंज्यात सापडलेल्या किड्यांपैकी एकाचे तुकडे करत वाढवलेला आहे. म्हणजे डबीतले सगळे किडे जनुकांनी सारखे. शरीरात विभागणाऱ्या पेशी एकाच गटाच्या, निओब्लास्ट, म्हणजे किड्याच्या स्टेम पेशी. 2011 मध्ये असंही दिसलं, की किरणांनी सगळे निओब्लास्ट मारलेल्या किड्यात बाहेरून एकच निओब्लास्ट सोडला तरी किडा पुन्हा उभा राहू शकतो. खायला कलेजी. एखादं जनुक बंद करायचं असेल तर त्याचा आरएनए कलेजीच्या लगद्यात कालवायचा, झालं. बीटा-कॅटेनिन नावाचं जनुक बंद करून शेपूट कापा, शेपटीच्या जागी डोकं उगवतं, डोळ्यांसकट. आणि गणपतीला घरी गेलात तर किडे उपाशी राहतात, आकारानं थोडे आखडतात, मरत नाहीत.

किड्याच्या बाजूनं सगळं गोडच आहे असं नाही. माणसाची प्रथिनं ओळखायला केलेल्या अँटिबॉडी त्याच्यावर बहुतेक चालत नाहीत. उन्हाळ्यात विसेक अंशांचा इनक्युबेटर बंद पडला तर पंचाईत. पाहुण्यांना काय करतो ते समजावता येत नाही. स्कॉलरशिपचा आकडा दोन्हीकडं तोच, जेआरएफला 37,000 रुपये. पण पुढं नोकरीला नाळवाल्याला कंपन्यांची दारं उघडी, किडेवाल्यानं मास्तरकी नाहीतर परदेश धरायचा. अर्थात नाळवाल्याला दुसरा त्रास आहेच: लग्नकार्यात कुणीतरी गुडघा पुढं करतो. आपल्याकडं रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बहुतेक उपचार अजून चाचणीच्या चौकटीतच आहेत, हे त्याला जेवणाच्या पंगतीत सांगणं अवघड जातं.

तेव्हा घरात रुग्ण असेल आणि तोच तुम्हाला झोपू देत नसेल, तर नाळच घ्या. मी अडवणार नाही, वेगळेपणाची ती कटकट तुम्ही सोसाल. पगाराचं गणित आधी सुटायला हवं असेल तरी नाळच. तसलं काही मागं लागलेलं नसेल तर फॉर्म भरण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्लॅनेरियाच्या लॅबला मेल टाका आणि आठवडाभर तरी जाऊन बसा. पुण्यात आघारकर संस्थेत हायड्रावर काम झालेलं आहे, तिथंही विचारून बघा, ते कोल्हापूरपासून जवळही पडतं.